हेमराजची मूठ

कानबाई या देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, कोरीटच्या दोधू पाटलांच्या घराण्यात एक माणूस बेघर असल्याचं उघडकीला आलं. ते उघडकीला आणलं घरच्याच जावयानं, आणि तेही समाजसेवा करता करता.

जावई अजित सुरतेला एका बँकेत होता. सुरतेत आपल्या भागातल्या लोकांचं एक मंडळ आहे. ते दर पावसाळ्यात फुटपाथवर झोपणाऱ्यांना रेनकोट वाटतं. एक रेनकोट द्यायला साधारण चार जण लागतात. एक देणारा, दोघं त्या रेनकोटाला हात लावणारे आणि एक फोटो काढणारा. घेणारा धरला तर पाच, पण घेणाऱ्याला सहसा कोणी धरत नाही. देणारे कॅमेऱ्याकडे बघत असतात.

असा एक फोटो गुरुवारी ‘पाटील परिवार’ या ग्रुपवर आला होता. दोधूनं खाली हात जोडले होते. त्याचा मुलगा भाग्येश यानं टाळ्या वाजवल्या होत्या. दोधूची बायको सुगंधाबाई हिनं गुलाबाचं फूल टाकलं होतं. ते चुकून दाबलं गेलं होतं, पण परत घेणं बरं दिसलं नसतं. अजितची बायको, म्हणजे दोधूची मुलगी दीपमाला, हिनं हृदय पाठवलं होतं. फोटो सगळ्यांनी पाहिला होता. फोटोत कोण आहे ते कोणीच पाहिलं नव्हतं.

शनिवारी दोधूची आई जमनाबाई ओसरीत पोत्यापुढे सूप घेऊन बसली. कानबाईच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, पाळण्यातल्या पोरापासून काठीवर आलेल्या म्हाताऱ्यापर्यंत; त्याच पिठाचे रोट होतात आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. हे सगळ्या खानदेशात आहे. या घरात आणखी एक गोष्ट होती, ती कोणी सुरू केली ते कोणालाच आठवत नव्हतं. मूठ भरली की जमनाबाई नाव घेई आणि विचारी, “कोठे शे?” घरातलं कोणीतरी उत्तर देई, “घरमा शे,” किंवा “नाशिकमा शे.” मग मूठ सुपात पडे. कानबाई वर्षातून एकदा येते. तिला भलत्याच दारात जायला लागू नये, एवढीच त्यामागची भावना. उत्तर येईपर्यंत मूठ सुपात पडत नसे, आणि एकदा भरलेली मूठ परत पोत्यात जात नसे.

“दोधू. कोठे शे?”

“घरमा शे,” दोधू म्हणाला. तो समोरच उभा होता.

“भाग्येश. कोठे शे?”

“घरमा.”

जमनाबाईनं पुढची मूठ भरली. “हेमराज. कोठे शे?”

हेमराज हा जमनाबाईचा धाकटा मुलगा, दोधूचा भाऊ. त्याचं उत्तर गेली पंधरा-वीस वर्षं पाठ होतं. नवऱ्याबरोबर माहेरपणाला आलेली दीपमाला म्हणाली, “सुरतमा शे, मोठी माय. तठलाच तर हाऊ फोटो शे. देख, तुन्हा नातजवाई कसा रेनकोट वाटी ऱ्हायना.” आणि तिनं मोबाइल आजीपुढे धरला.

जमनाबाईला वाचता येत नसे, म्हणून फलकावरचं मंडळाचं नाव, अध्यक्षांचं नाव आणि सौजन्य कोणाचं, हे सगळं सोडून ती सरळ चेहऱ्यांवर गेली. अजितला पाहून ती म्हणाली, “वाळी गया.” मग डाव्या हाताचं बोट तिनं फोटोच्या कडेला नेलं, जिथे टोपी घातलेला एक दाढीवाला माणूस रेनकोट घेत होता.

“हाऊ हेमराज शे.”

“काहीतरीच काय वं, मोठी माय.”

“मान देख त्यानी. कोनी काही दिधं का असाच मान वाकडी करीसन हासस. जसा चोरी करताना सापडना.”

दीपमालानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मोठा केल्यावर तो हेमराजच निघाला.

जमनाबाईच्या उजव्या हातातली मूठ तशीच राहिली.

*

दोधूची पहिली काळजी भाऊ नव्हता, सोमवार होता. हे त्याला स्वतःलाही बरं वाटलं नाही, पण काळज्या काही रांगेनं येत नाहीत.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं की शहाद्याचे लोक घर बघायला येणार होते. भाग्येशचं जवळपास ठरलं होतं. मुलीच्या बापानं फोनवर सहज विचारलं होतं, “भाऊ एकच ना तुम्हाला?” आणि दोधूनंही सहज सांगितलं होतं, “हो, सुरतेला सेटल आहे. स्वतःचं आहे त्याचं तिकडे.” काय स्वतःचं, ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि समोरच्यानं विचारलं नव्हतं. शेत दोघा भावांच्या नावावर होतं, कसत होता दोधू. घरातली मागची खोली हेमराजची म्हणत. तिच्यात भाग्येशच्या ठिबकच्या एजन्सीचे पाइप होते. मागच्या कानबाईला हेमराज म्हणाला होता, “दादा, ते पाइप काढीसन मन्ही खोली मोकळी करी दे ना.” तेव्हा दोधू म्हणाला होता, “काबरं, सुरतना शेठले कोरीटना मच्छर चाखना शेत का?” घर हसलं होतं. हेमराजही हसला होता, मान वाकडी करून. हा विनोद वर्षभर चालला.

“दारू,” दोधू आता ओसरीत येरझारा घालत म्हणाला. “दुसरं काय ऱ्हाई. माणूस रस्तावर येस तो दारूमुळेच येस.”

“त्यानं कधी बिडी पन वढी नही,” सुगंधाबाई म्हणाली.

“मंग लपाईसन पेत व्हई.”

“डिप्रेशन असेल आबा,” भाग्येश म्हणाला. “शहरात खूप असतं. माणूस आतून खचतो आणि मग…”

“हे बघा,” अजित म्हणाला. तो मघापासून खुर्चीच्या कडेवर बसला होता, जावयाला शोभेल त्याहून कमी जागेत. “आमच्या मंडळाचा अनुभव असा आहे, की यातले बरेच लोक आपल्या मर्जीनंच राहतात तिथे. शेल्टर असतं, जात नाहीत. काम सांगितलं, करत नाहीत. गावाकडे घर असतं यांचं, पण मोकळं राहायची सवय लागते एकदा…” बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की गावाकडचं घर म्हणजे हेच, आणि आपण त्यातच बसलो आहोत. 

“सवय,” दोधूनं तेवढा शब्द उचलला. तो त्याच्या ओळखीचा होता. घराच्या मागे ताडपत्रीखाली नवलसिंग आणि त्याची बायको तुळशीबाई राहत. काठी गावाच्या पुढे डोंगरात आपलं पेरून झालं की ते दरवर्षी कपाशीच्या निंदणीला येत आणि दोधूच्या मागच्या अंगणात ताडपत्री बांधत. एखाद्या रात्री फार पाऊस झाला आणि सुगंधाबाई काही म्हणाली, की दोधू म्हणे, “त्यास्ले सवय शे. घर शे त्यास्नं डोंगरमा.” हे बोलून झालं की त्याला झोप लागे. आज त्या वाक्याचा त्याला उपयोग होईना.

“रुपाले इचार,” जमनाबाई म्हणाली.

*

रुपा, हेमराजची सणासाठी आलेली बायको, स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होती. ओसरीतला शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता. या घरात दारं होती, पण ती माणसं अडवायला, आवाज नाही. दोन वर्षांपासून ती अक्कलकुव्याला भावाकडे राहत होती, मुलगी गायत्रीला घेऊन. ‘पोरीच्या शिक्षणासाठी,’ असं सगळ्यांना सांगितलं होतं. सुरतेत नाही आणि अक्कलकुव्यात आहे असं कोणतं शिक्षण, हे कोणी विचारलं नव्हतं. माणसं आपल्याला सोयीची असलेली गोष्ट फार खोदत नाहीत, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

ती हात पुसत बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघत होते, जसं काही हेमराज तिनंच कुठेतरी ठेवला होता आणि विसरली होती.

“तुले माहीत व्हतं?” सुगंधाबाईनं विचारलं.

“हां बाई.”

“दारू पेस का तो?” दोधू म्हणाला.

“नही दादा. कामवर जास. मार्केटमा ट्रक खाली करस, साड्यास्ना गठ्ठा. रोज जास.”

“रोज काम करस, मंग खोली काबरं नही?”

“खोली व्हती ना. गल्लीच तोडी त्यास्नी. रस्ता मोठा करना व्हता.”

“मग पर्यायी जागा देतात,” अजित म्हणाला. “फ्लॅट देतात. कायदा आहे.”

“दिधा ना जवाईबुवा. घरमालकले दिधा. आम्ही भाडोत्री. नोटीसवर आम्हनं नावच नव्हतं.” रुपा हे रडून सांगत नव्हती, त्यामुळे ऐकणाऱ्यांची जरा पंचाईत झाली. “दोन रात ठेसनवर काढ्यात तिघास्नी. गायत्रीले पोलीस इचारे, घर कोठे शे. मंग मी म्हनं, पोरले लिसन मी जास भाऊकडे. भाऊना घरमा एकच खोली शे, जवाईले तठे कसं ठेवतीन?”

“अन् हे आमले सांगं काबरं नही?” दोधूचा आवाज चढला. घाबरलेला माणूस रागावतो, तो त्यातलाच.

“सांगं ना,” रुपा म्हणाली. “मांगला कानबाईले त्यानी सांगं, खोली मोकळी करी द्या. तुम्ही मच्छरनं बोलनात.”

तो विनोद त्यानंतर या घरात पुन्हा कधी झाला नाही.

जमनाबाईची मूठ गुडघ्यावर होती. करंगळीखालून एखाद-दुसरा दाणा सुटून खाली पडत होता. “फोन लाव त्याले,” ती म्हणाली. “हात दुखी ऱ्हायना मन्हा.”

*

“हां, बोल वं,” हेमराजचा आवाज आला. मागे वाहनांचा असा आवाज होता, की तो डोक्यावरच्या पुलावरून येतोय हे इथे कोरीटला समजत होतं.

“आठे सगळा बठेल शेत,” रुपा म्हणाली. “स्पीकर चालू शे.”

“असं का. मंग नीट बोलनं पडी.”

“काका, मी अजित. मी ओळखलंच नाही तुम्हाला.”

“तुम्हना काय दोष जवाईबुवा. टोपी व्हती डोकावर.”

“पण तुम्ही तरी बोलायचं ना.”

“फोटो निंघी ऱ्हायंता. मधमाच बोलतू तं हाली जाता.” तो हसला. “रेनकोट भारी शे पन. चेन शे पुढे.”

अजितनं खाली पाहिलं.

“काका, तिथे सरकारी रात्रनिवारा असतो,” भाग्येश मोबाइलवर बघत म्हणाला. “फुकट आहे. मी आत्ताच शोधलं.”

“गयथू बेटा. चांगलं शे, पंखाबी शे. पन ते रातले उघडस अन् सकायमा काढी देतस. मन्हा ट्रक रातले येतस, मी सकायले झोपस. अन् आधार मांगतस. मी आधार दिधं. तो सायेब म्हने, काका, यावर तर तुमचं घर आहे, कोरीट, तालुका नंदुरबार. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी आहे हे.”

“मंग आठे घरकुल मांगतास,” दोधू म्हणाला.

“मांगं ना दादा, मांगला साल. आठे म्हनतस, तू तं सुरतना.”

म्हणजे सुरतेच्या मते हेमराज कोरीटला राहत होता आणि कोरीटच्या मते सुरतेला. दोन्ही ठिकाणी त्याचं घर असल्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. तो मात्र मधल्या मधे पुलाखाली झोपत होता.

“खोली देख ना दुसरी,” सुगंधाबाई म्हणाली.

“देखी वयनी. खोलीवाला म्हनतस, एकटा माणूसले देत नही, फॅमिली आना. अन् फॅमिली आनाले खोली पाहिजे.” तो पुन्हा हसला; पण हे वाक्य त्यानं आधी बऱ्याच जणांना ऐकवलेलं असावं, कारण हसू जरा लवकर आलं. “मी मस्त शे. आठे आम्ही बरा लोक शेत. एक चौकीदार शे, एक मावशी भाजी इकस. सगळा कामवाला. लोके समजतस आम्ही भिकारी. मंग मी पन सोडी दिधं सांगनं.”

“घर ये,” दोधू म्हणाला. हे त्यानं मनापासून म्हटलं. “आजच ये, रातना गाडीवर.”

“येसुच ना. कानबाई शे. मंगळवारे परत जासु.”

“परत कोठे?” जमनाबाईनं विचारलं.

पलीकडून नुसता पूल ऐकू येत राहिला. मग हेमराज म्हणाला, आणि या वेळी आवाजात गंमत नव्हती, “दादा, किती दिवससाठे बलाई ऱ्हायना?”

प्रश्न साधा होता. दोधूनं तोंड उघडलं. त्याला भाग्येश दिसला, भाग्येशच्या मागे शहाद्याचे लोक दिसले, आणि त्यांच्या मागे वाटणीची मोजणी करायला आलेला माणूस साखळी ओढत बांधावरून चाललेला दिसला. खोली मागणारा भाऊ उद्या अर्धं शिवार मागतो, असं गावात सगळेच म्हणत. हेमराजनं अजून काहीही मागितलं नव्हतं, पण मागणार नाही असंही म्हटलं नव्हतं.

“तू ये तं सही,” दोधू म्हणाला. “सोमवारे पाहुना शेत. ते गयात का मंग देखूत.”

“बरं,” हेमराज म्हणाला. “देखा. मी आठेच शे.”

फोन बंद झाला.

*

“काय सांगू कानबाईले?” जमनाबाईनं विचारलं.

“सुरत सांग, माय. दरसालना गत.”

“सुरत मोठी शे. सुरतमा कोठे?”

“देवीले येवढा पत्ता लागत नही.”

“नही लागत ना. मंग पुलखाले म्हनाले तुले लाज काबरं वाटी ऱ्हायनी? म्हन. मी टाकी देस मूठ.”

दोधूनं ते म्हटलं नाही. तेवढ्यात छगन चक्कीवाल्याचा निरोप घेऊन शेजारची रुखमाबाई डोकावली. छगननं कानबाईच्या दळणासाठी चक्की धुऊन ठेवली होती, गल्लीतल्या सगळ्यांचे गहू पोहोचले होते, फक्त पाटलांचे बाकी होते. रुखमाबाईनं ओसरीवर नजर फिरवली. सूप, मूठ, उभी असलेली माणसं. “काही झायं का?” तिनं विचारलं. “काही नही,” सगळे एकदम म्हणाले, त्यामुळे तिला काहीतरी झाल्याची खात्री पटली आणि ती घाईनं निघून गेली.

भाग्येशनं बापाला आत, स्वयंपाकघराच्या दाराशी घेतलं. तिथे सुगंधाबाई उभी आहे हे त्यानं पाहिलं, पण आईला ऐकू गेलं तर बिघडत नाही असं तो जन्मापासून धरून चालला होता.

“आबा, भावनेच्या भरात काही बोलू नका. काका आले, चार दिवस राहिले, काही हरकत नाही. पण कायमचे आले तर शहाद्याचे पहिला प्रश्न विचारतील, वाटणी झाली का.”

“माले समजस.”

“आणि सोमवारी ते इथे दिसले नाहीत तर जास्त बरं. म्हणजे दाढी वगैरे…”

सुगंधाबाई चुलीपाशी तवा पुसत होती. खरं तर ती सकाळपासून मुलाच्याच बाजूनं होती. नवा सोफा तिनंच पसंत केला होता. प्लास्टिकचं आवरण अजून काढलं नव्हतं, ते सोमवारी पाहुणे दारात आले की काढायचं होतं. घर अर्धं झालं तर सोफा कुठे राहील, हाही विचार तिनं केला होता आणि त्याची लाज धरली नव्हती. पण मघापासून रुपाचं एक वाक्य तिच्या कानातून जात नव्हतं. नोटीसवर आम्हनं नावच नव्हतं. तीस वर्षं ती या घराच्या भिंती सारवत आणि मग रंगवत आली होती. सातबाऱ्यावर, घरपट्टीवर, विजेच्या बिलावर, कुठेच ती नव्हती. कानबाईच्या मुठीतही नव्हती. मूठ पुरुषांची असते. उद्या कोणी ‘तुमचं घर कुठे’ म्हणालं, तर दाखवायला तिच्यापाशी काय होतं, हा तवा?

तिनं तो खाली ठेवला.

“भाग्येश,” ती म्हणाली, “मांगली खोली मोकळी कर.”

“आई, आत्ता? पाइप वीस फुटी आहेत. ते खिडकीतून आत घेतले होते, नंतर ग्रील बसवली. आता ते दारातून वळतच नाहीत.”

“मंग ग्रील काढ.”

“सुगंधा,” दोधू म्हणाला.

“तुम्हना माय सकायपासून हातमा गहू धरीसन बठेल शे. ऐंशी वरीसनी बाई शे. तुम्हले सोमवारनी पडेल शे.” मग तिनं तीस वर्षांत न केलेली एक गोष्ट केली. उत्तराची वाट न बघता ती खिळेमोळ्यांच्या पेटीतून पाना काढून आणायला गेली.

पहिला उठला तो अजित. बँकेचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात पाना. काहीतरी उचलायला मिळाल्याचं त्याला मनापासून बरं वाटलं. शिवाय या वेळी फोटो काढायला कोणी नव्हतं.

*

मागची खिडकी अंगणात उघडत होती. ग्रीलचे बोल्ट गंजलेले होते, ते एकेक करून सुटले. शेवटचे दोन सुटेनात तेव्हा भाग्येशनं पाहिलं, की ग्रीलला दोरी बांधलेली आहे. ती नवलसिंगच्या ताडपत्रीची होती. एक टोक ग्रीलला, एक लिंबाच्या झाडाला. खाली तुळशीबाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती.

“नवलसिंग,” दोधूनं हाक मारली, “ताडपत्री सोड जरा. आठे पाइप ठेवना शेत. तू तिकडे सरकी जा, उकिरडाना बाजूले.”

नवलसिंगनं कुठे, किती, कशासाठी, काहीच विचारलं नाही. त्यानं दोरीचं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. ती तशीच सुटावी म्हणून बांधलेली होती. तुळशीबाईनं भाकरी अर्धी कच्ची उतरवली आणि चुलीवर पाणी ओतलं.

रुपा हे खिडकीच्या आतून बघत होती. ती गाठ तिच्या ओळखीची होती, सुरतेला भेटायला जाई तेव्हा पाहिलेली. हेमराज पुलाखाली आपलं कापड तशीच गाठ मारून बांधत असे. पहाटे पालिकेची गाडी आली की कोणी शिवी देत नसे, गाडीतला माणूस चांगल्या आवाजात एवढंच म्हणे, चलो भाई, थोडा सरको. प्रत्येक वेळी कशासाठी तरी. रस्ता, पाइप, पाहुणे.

“पाइप आठे नका ठेवू,” ती म्हणाली.

दोधूनं वर पाहिलं. “मंग कोठे ठेवू, डोकावर?”

“बैठकमा ठेवा. तठे लांब जागा शे.”

“सोमवारे पाहुना येतीन तठे.”

“घरच देखाले येतीन ना ते, दादा? देखू द्या.”

रुपा थोरल्या दिराशी एवढं कधी बोलली नव्हती. तिचे हात खिडकीच्या चौकटीला घट्ट धरलेले होते, आणि खोली अजून मिळालेली नव्हती. ही खोली हातची गेली तर ती आपल्याच तोंडानं घालवली, हे तिला कळत होतं. दोधू सुगंधाबाईकडे वळला. निदान सोफ्यासाठी तरी ती आपल्या बाजूनं येईल, असं त्याला वाटलं.

“प्लास्टिक शेच सोफावर,” सुगंधाबाई म्हणाली. “खराब नही व्हवाव.”

मग पाइप निघाले. एकेक पाइप खिडकीतून अंगणात, अंगणातून घराला वळसा घालून समोरच्या दारातून बैठकीत. एका टोकाला भाग्येश, दुसऱ्या टोकाला नवलसिंग. भाग्येशचा चेहरा असा होता, की तो आपलं लग्नच खांद्यावर घेऊन चालला आहे. पाइप सोफ्यावरून टीव्हीच्या खालपर्यंत पसरले. ताडपत्रीला आता ग्रील नव्हती, तेव्हा तिची दोरी रुपानं ओसरीच्या खांबाला आणून बांधली आणि तुळशीबाईची चूल ओसरीच्या कडेला आली. शुद्ध-अशुद्धाचं काहीतरी दोधूच्या ओठांवर आलं होतं. पण आज आणखी एका गोष्टीला नाही म्हणायची त्याची ताकद संपली होती.

जमनाबाईला दीपमालानं धरून मागच्या खोलीत नेलं. तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानलं नसतं. खोली रिकामी होती. भिंतीवर पाइपांच्या टोकांचे काळे गोल उठले होते आणि खिडकीतून लिंब दिसत होता.

“हेमराज,” जमनाबाई म्हणाली. “कोठे शे?”

दोधू दारात होता. “घरमा शे,” तो म्हणाला.

“किती दिवससाठे?”

म्हातारीला फोनवरचं सगळं ऐकू आलं होतं. दोधूनं एकदा बैठकीच्या दिशेनं पाहिलं. तिथे आता पाहुण्याला बसायला जागा नव्हती, त्यामुळे राखण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं.

“कायम,” तो म्हणाला. आवाज नाइलाजानं केलेल्या सहीसारखा बारीक आला, पण आला.

दीपमालानं सूप पुढे केलं. जमनाबाईची बोटं उघडेनात. रुपानं ती एकेक करून सोडवली. तळहाताला चिकटलेले, घामानं ओले झालेले गहू पडले. सव्वा मूठ कसली, अर्धीही नव्हती. बाकीचे सकाळपासून सांडत आले होते, ओसरीतून बोळातून खोलीपर्यंत. सुगंधाबाईनं सवयीनं झाडू उचलला.

“ऱ्हाऊ दे,” जमनाबाई हात चोळत म्हणाली. “तिले दिसू दे कथा जानं शे ते.”

छगनकडे गहू गेले. रुपानं हेमराजला फोन लावला, तो बंद होता. त्याचा मोबाइल मार्केटमध्ये कामावर गेल्यावरच चार्ज होई. कानबाईला पत्ता कळला होता, हेमराजला अजून कळायचा होता. तो पुलाखाली ‘मंग देखूत’ वरच बसलेला असणार, आणि तेवढ्यावर माणूस रात्रीची गाडी पकडतो की नाही, हे रुपालाही सांगता आलं नसतं. ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. शेवटी अजित गाडीची चावी घेऊन उठला. “मी जाऊन घेऊन येतो,” तो म्हणाला. “जागा पाहिलेली आहे.” आणि ‘पाहिलेली’ या शब्दावर जरा अडखळून गाडीकडे गेला.

गाडी वळणापलीकडे गेली आणि पाऊस आला. ओसरीला बांधलेल्या ताडपत्रीवर तो वाजू लागला. तुळशीबाईनं भाकरी पुन्हा तव्यावर टाकली. नवलसिंगच्या नावाची मूठ कोणी घेतली नव्हती; रोट घरच्यांचेच असतात, आणि त्याचं घर डोंगरात होतं. दोधू दारात उभा राहून बराच वेळ पावसाकडे आणि त्या ताडपत्रीकडे बघत होता. त्यास्ले सवय शे, हे त्याच्या जिभेवर आलं असणार.

तो म्हणाला नाही. निदान त्या शनिवारी तरी.